कोपऱ्यातला टेकू

आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या एका खेड्यात धाकट्या भावाने स्वतः घर बांधायला काढलं. पाया आपल्याकडच्यासारखा नव्हता. घरातली ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून दाबलेल्या खडीवर ३०० मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या घट्ट लाद्या, जमिनीतला रेडॉन वायू अडवायला जाड प्लॅस्टिकचा पडदा, वर सळयांची जाळी आणि तिला बांधलेले गरम पाण्याचे पाइप. या सगळ्यावर काँक्रीट. काठालाही थर्माकोलच्याच उभ्या लाद्या. शटरिंग म्हणून त्याच, आणि त्या कायमच्या तिथेच राहणार. मी महिनाभराची रजा काढून मदतीला गेलो होतो.

ओतकामाचा आदला दिवस, दुपारी ४. कोपरा फुटायला उरले १७ तास. विजेच्या केबलचा पाइप आत घ्यायचा राहिला होता. ईशान्य कोपऱ्याबाहेर चर खणायचा तर मध्ये लाकडी टेकू येत होता. तो मी काढला, हाताने. पाइप बसवला. चर बुजवायला खडी लागणार होती आणि खडीचा ढीग होता पलीकडच्या टोकाला. "दादा, सकाळी भरू," भाऊ म्हणाला. मीही मान डोलावली.

संध्याकाळी ७. उरले १४ तास. पाइपांमध्ये ४ बार दाब भरून ठेवला. ओतताना पाइप फुटला, तर गेजचा काटा पडतो आणि लगेच कळतं.

रात्री ११. पाऊस. चराच्या कडा ढासळल्या असणार, पण आम्ही झोपलो होतो.

सकाळी ७.१०. उरले २ तास. पंप ठरल्या वेळेच्या पन्नास मिनिटं आधी आला आणि तिथेच सकाळ हातातून गेली. होसपाइप कुठून न्यायचा, गाडी कुठे उभी करायची, यात सगळे गुंतले. चरावर आम्हीच एक फळी टाकली होती, ये-जा करायला. मी तिच्यावरून तीनदा गेलो. टेकू तिथेच गवतात पडला होता.

८.००. काँक्रीट सुरू. एकूण सतरा घनमीटर, तीन ट्रक.

८.५५. उरली २५ मिनिटं. पहिला ट्रक रिकामा. मधला भाग भरला, आता जाड काठ. काठाची खोली ४५० मिलिमीटर. एवढं ओलं काँक्रीट उभ्या लादीच्या दर मीटरला साधारण अडीचशे किलोने बाहेर रेटतं. बाकी सगळीकडे बाहेरून खडी दाबलेली होती आणि टेकूही होते. त्या कोपऱ्यात लादीच्या पाठीशी ओला चिखल होता, बस.

९.१७. व्हायब्रेटर कोपऱ्यात उतरला. त्याने काँक्रीट पातळ होऊन पसरतं, म्हणजे रेटाही पूर्ण लागतो. लादी बोटभर बाहेर झुकलेली मला दिसली. मी ओरडलो, पण पंपाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

९.२०. लादी सुटली. आवाज फार नव्हता, कोरडी फांदी मोडल्यासारखा. दोन मीटरची फट पडली आणि काँक्रीट चरात धावलं. त्याहून वाईट म्हणजे ते खालच्या लाद्यांखाली शिरलं. काँक्रीट त्या थर्माकोलच्या ऐंशीपट जड, त्यामुळे काठाजवळच्या लाद्या होडीसारख्या उचलल्या गेल्या. जाळी वाकली, पाइप ताणले गेले. मी गेजकडे पाहिलं. काटा चारवरून शून्यावर आला होता.

९.२५. पंप बंद. रांगेतला तिसरा ट्रक परत पाठवला. फावड्यांनी जमेल तेवढं उपसलं, उरलेलं दुपारपर्यंत घट्ट झालं.

तो कोपरा पुढे कापून काढावा लागला. पडदा फाटला होता, तो जोडला. पाइपांचं वेटोळं नवीन टाकलं. घर सात आठवडे मागे पडलं. भावाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण टेकू मीच काढला होता.

घर बांधत असाल, तर ओतकामाच्या दिवशी, पंप सुरू व्हायच्या आधी, काठाभोवती एक पूर्ण फेरी मारा. प्रत्येक टेकूला पायाने रेटून पाहा. चर उघडा दिसला, तर ट्रक थांबवा.