नंदुरबार: नकाशावरचा जिल्हा आणि बाजाराचा जिल्हा

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर अक्राणीच्या डोंगरातल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट धुळं गाठावं लागायचं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणूया. उत्तरेला नर्मदा, अलीकडे सातपुडा, मग तापीचं सपाट खोरं. सहा तालुक्यांपैकी अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि शहादा तापीच्या उत्तरेला. नंदुरबार आणि नवापूर दक्षिणेला. मग मुख्यालय दक्षिणेला का? कारण सुरत-भुसावळ रेल्वे तिथून जाते आणि बाजार रेल्वेच्या कडेनं वाढतो. नंदुरबारची मिरची बघा ना! ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती घेतात आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळवतात. तिथं हंगामात मजुरी मिळते.

पण या सुपीक खोऱ्याला दुसरी बाजूही आहे. 1970 च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा प्रश्न उभा केला. म्हणजे जमीन कसदार होती, पण कसणारा तिचा मालक उरला नव्हता.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातले सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि शहरात राहतात जेमतेम 17 टक्के. आजही ऊसतोडीसाठी इथली कुटुंबं गुजरातकडे जातात. कचेरी जवळ आली, हे खरंच. पण वर्षभराचं काम जवळ आलं का, हे आपण विचारायला हवं.