उरलेला एक पहारेकरी

कारखान्यात दोघांचे काम एकावर टाकले म्हणजे मालक आठवड्याने विचारतो, "खाते चालू आहे ना? मग अडले कुठे?" या प्रश्नाला उत्तरे देण्यात आमचे आयुष्य गेले. वैद्यकाच्या इतिहासात तोच प्रश्न भेटला तेव्हा आम्ही थबकलो.

१८८२ साली स्ट्रासबुर्ग येथील फॉन रेक्लिंगहाउझेन या विकृतिशास्त्रज्ञाने एका जुन्या रोगाची फोड केली. या रोगात अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग पडतात आणि कातडीत मऊ गाठी येतात. त्या गाठी मज्जातंतूंशी निगडित असतात, हे त्याने दाखविले. सुमारे तीन हजारांत एकाला हा रोग असतो. निम्म्या रोग्यांत तो आईकडून किंवा बापाकडून येतो. निम्म्यांत घराण्यात कोणाला नसताना नव्यानेच उद्भवतो. सुनेच्या माहेराकडे बोट दाखविणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता १९७१ साली येऊ. आपल्या पेशींत बहुतेक जनुके जोडीने असतात, एक आईचे, एक बापाचे. काहींचे काम पेशींच्या वाढीवर पहारा ठेवण्याचे. अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या ४८ रोग्यांचा हिशेब मांडला आणि अनुमान काढले की, जोडीतील दोन्ही पहारेकरी गेल्यावरच अर्बुद उठते. हे अनुमान पुढे खरे ठरले. परंतु त्याच्या आडून एक समजूतही पसरली: एक पहारेकरी शिल्लक असला म्हणजे काही बिघडत नाही. खाते चालू आहे ना!

१९९० साली रेक्लिंगहाउझेनच्या रोगाचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर सापडले. त्यापासून होणारे प्रथिन 'रास' नावाच्या वाढीच्या इशाऱ्याला लगाम घालते. रोग्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत, मेंदूतल्यासुद्धा, जन्मापासून या जनुकाची एकच धड प्रत असते. अशा कित्येक मुलांच्या मेंदूत गाठ नसते, पण शाळेत ती मागे पडतात. लक्ष ठरत नाही, आकृती उतरविता येत नाही. मास्तर आळशी म्हणतात, घरचे मठ्ठ म्हणतात. गाठ नाही म्हणजे रोग नाही, असाच सर्वांचा हिशेब!

तो हिशेब उंदरांनी चुकीचा ठरविला. १९९७ साली आल्सिनो सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच धड प्रत असलेले उंदीर पाण्याच्या टाकीत सोडले. पाण्याखाली दडविलेला चौथरा त्यांना इतरांसारखा लवकर शोधता येईना. २००२ साली कारण उमगले. लगाम निम्मा ढिला झाल्याने 'रास' उधळतो, मेंदूतील दाबून धरणारे इशारे वाढतात आणि आठवण पक्की होण्यात खोट येते. पेशी मेलेली नाही, अर्बुदही नाही. काम मात्र बिघडलेले.

मज्जापेशींना आधार देणाऱ्या तारकापेशींची गोष्ट आम्हांला त्याहून बोलकी वाटते. एकच प्रत असलेल्या उंदरांत या पेशी गरजेपेक्षा अधिक वाढतात, असे १९९९ साली डेव्हिड गुटमन यांच्या गटाने दाखविले. मग त्यांनी फक्त तारकापेशींतील दोन्ही प्रती काढून पाहिल्या. नुडसनच्या नियमाने गाठ यायला हवी होती. ती आली नाही. २००३ साली दिसले की, आजूबाजूच्या पेशींतही एक प्रत कमी असली तरच दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ धरते. म्हणजे गुन्हा करणाऱ्याइतकेच अर्धपोटी शेजारीही यात गुंतलेले!

पुढे २००५ साली रक्तातील चरबी उतरविणाऱ्या एका औषधाने उंदरांची खोट भरून निघाली. मोठी आशा वाटली. पण २००८ साली त्याच जातीच्या औषधाचा नेदरलंड्समधील मुलांवर झालेला प्रयोग मुख्य कसोट्यांवर निष्फळ ठरला. शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या मोठ्या गाठींसाठी २०२० साली अमेरिकेत एका औषधाला मान्यता मिळाली. ते गाठींसाठी, पाटीपुस्तकासाठी नव्हे.

१९९७ च्या त्या प्रयोगातील एक नोंद सांगायची राहिली. जादा सराव दिल्यावर त्या उंदरांनाही चौथरा सापडू लागला होता.