काकतालीय न्याय आणि अवटू ग्रंथीचा दाह



कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानेच मोडली असे म्हणता येत नाही. यालाच काकतालीय न्याय म्हणतात. वैद्यकाच्या इतिहासात याच विवेकाची कसोटी पाहणारे एक प्रकरण आहे. ते म्हणजे गळ्यातील अवटू, अर्थात थायरॉइड ग्रंथीच्या एका वेदनामय दाहाचे.

स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी 1904 साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. ग्रंथी सुजते, वेदना जबड्यापर्यंत व कानापर्यंत जाते, परंतु पू होत नाही. कित्येकदा रुग्णास आधी काही आठवडे सर्दी वा घसादुखी होऊन गेलेली असते. साहजिकच संशय विषाणूवर आला.

इस्राएलमधील हाइम शेबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 साली गालगुंडाच्या विषाणूशी असलेला संबंध पुराव्यानिशी मांडला. टोरांटोच्या रॉबर्ट व्होल्पे प्रभृतींनी 1967 साली अनेक रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा कोणात गालगुंडाची, कोणात इन्फ्लुएन्झाची, तर कोणात कॉक्सॅकी वा अडेनो विषाणूची प्रतिपिंडे कमीजास्त होताना आढळली. म्हणजे आरोपी एक नसून अनेक निघाले! शिवाय प्रत्यक्ष ग्रंथीत विषाणू क्वचितच हाती लागला. पुढे 1970 नंतरच्या दशकात एचएलए-बी 35 हे आनुवंशिक ऊतिचिन्ह अशा रुग्णांत अधिक प्रमाणात आढळले. सर्दी सर्वांनाच होते, मग हा दाह थोड्यांनाच का, या प्रश्नाचे अंशतः उत्तर तेथे मिळाले. 2020 साली इटलीतील पिसा येथील वैद्यांनी कोविडनंतर असा दाह झालेल्या अठरा वर्षांच्या युवतीची नोंद प्रसिद्ध केली आणि जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. दुखणे कानाचे वा दाताचे समजले गेले, तर उपचार भलत्याच ठिकाणी होतात. पू नसता जंतुनाशक औषधे दिली, तर त्यांचा उपयोग होत नाही. आरंभी रक्तातील संप्रेरक वाढते ते इजा झालेल्या ग्रंथीतून गळते म्हणून, अधिक निर्माण होते म्हणून नव्हे; त्यामुळे निर्मिती रोखणारे औषध येथे निष्फळ ठरते. दाहशामक औषधाने वेदना शमते, बहुतेकांची ग्रंथी काही महिन्यांत पूर्ववत होते. काहींना मात्र पुढे संप्रेरकाची गोळी कायमची घ्यावी लागते.

विषाणूचा सहभाग आज बहुतांशी मान्य आहे. तथापि एकच विषाणू हेच कारण, असा निर्णय शंभर वर्षांच्या शोधानंतरही झालेला नाही. सहचार आणि कारण हे दोन शब्द वेगळे ठेवण्याचा हा संयम म्हणजेच विद्येचा संस्कार होय. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांच्यासारख्या शिक्षकांकडून घ्यावयाचे ते हेच.