फीट की हृदयाचा पॉज? | एपिसोडचा मजकूर

मी राजूरचा, भोकरदन तालुक्यातल्या गणपतीच्या राजूरचा. कोड लिहून पोट भरतो, डॉक्टर नाही.

तर झालं असं, अंगारकीला घर पाहुण्यांनी भरलेलं. ताईचं दोन वर्षांचं लेकरू उंबऱ्याला अडखळलं, डोक्याला जरासं लागलं. रडायला तोंड उघडलं आणि पांढरंफटक पडलं, ताठ झालं, हातपाय झटकले. "फीट आली! कांदा आणा, चप्पल हुंगवा!" मिनिटभरात भाचा शुद्धीवर. पण 'फीटचं पोरगं' हे नाव चिकटलंच. ताई रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसली.

ॲप क्रॅश झालं की आम्ही आधी लॉग बघतो: त्याच्या आधी काय घडलं? ग्लासगोचे डॉक्टर जॉन स्टीफन्सन यांनी हेच केलं. 1978 साली त्यांनी दाखवलं, की अचानक लागल्यावर अशी पडणाऱ्या अनेक मुलांना मिरगी नसतेच. दुखलं की व्हेगस नावाची नस हृदयाला जोरात ब्रेक लावते. ठोका काही सेकंद थांबतो, मेंदूला रक्त कमी पडतं, अंग ताठ होतं. मग हृदय आपोआप सुरू होतं. मोठेपणी हे बहुतेकांचं सुटतं.

मग निवांत बसायचं का? नाही. 1957 साली नॉर्वेत येर्वेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची नोंद केली. सहा भावंडांपैकी चौघं जन्मतः बहिरी, आणि अधूनमधून बेशुद्ध पडायची. त्यातली तिघं अचानक गेली. ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं होतं. इथे दोष हृदयाच्या विजेत होता.

बाहेरून दोन्ही मुलं सारखीच पडतात. म्हणून लेकरू पळताना, पोहताना, दचकून पडलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना आधी ते सांगा आणि ईसीजी काढाच. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं, त्यांनाही विचारा.

भाच्याचा ईसीजी नॉर्मल आला. आता ताई त्याला कुशीवर झोपवते, वेळ बघते, जमलं तर व्हिडिओ काढते. चप्पल दारातच राहते.

एपिसोड घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या वेळी!