काकी म्हणणारा मुलगा

आमच्या जामखेडकडची म्हातारी माणसं खर्ड्याच्या लढाईचं सांगायला बसली की तोफांपासून सुरुवात करतात. १७९५ साली निजाम इथे हरला, हे पोरासोरांनाही पाठ. त्याच वर्षी सवाई माधवराव पेशवे गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर चिमाजी आप्पाला दत्तक दिलं, इथवर गोष्ट येई. चिमाजी आनंदीबाईचा मुलगा. ती १७९४ मध्येच वारलेली, त्यामुळे तिला विचारायचा प्रश्न आला नाही. असती तरी कुणी विचारलं असतं?

आत्याला या लढाईत रस नव्हता. ती आपल्या आईचं सांगायची. माझ्या आजीने दुसरा मुलगा थोरल्या जावेच्या ओटीत घातला. घातला असं म्हणायचं, ठरवलं सासऱ्यांनी. तेव्हाच्या हिंदू कायद्यात बाप जिवंत असेल तर मूल द्यायचा हक्क त्याचाच, आईची संमती लागतही नसे. ती १९५६ च्या कायद्याने आवश्यक ठरवली आणि बापाच्या बरोबरीचा हक्क आईला मिळायला २०१० ची दुरुस्ती यावी लागली. आमच्या घरच्या दत्तकपत्रावर आजीचा अंगठा नव्हता.

वाडा एकच, चुली दोन. "भिंतीपल्याड पोरगं रडलं की आईची चोळी भिजायची," आत्या सांगे. सुईणीने छाती फडक्याने आवळून बांधली. सासूची ताकीद होती, पाजायचं नाही, लळा लागेल. बोलायला लागल्यावर तो तिला काकी म्हणाला. बहात्तरच्या दुष्काळात सगळे एकाच खडीच्या कामावर होते. आजी आपली अर्धी भाकरी त्याच्या फडक्यात सरकवायची आणि थोरली जाऊ बघून न बघितल्यासारखं करायची. त्या जावेला दोष द्यायला मन होत नाही. वांझ म्हणून तिनेही कमी सोसलं नव्हतं.

"पोर डोळ्यांपुढं तरी हाय," असं लोक आजीला समजावत. मला ती शिक्षाच वाटते.

मूल डोळ्यांपुढे ठेवणंच ज्यांना शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, हवं तर मूल तिथेच ठेवावं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, या दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला, प्लेगच्या साथीत रोग्यांवर उपचार करत राहिला. यशवंतावर पानंच्या पानं लिहिली जातात. काशीबाई त्यात एका ओळीपुरती येते.

आता मूल सोडायचं तर आईला बाल कल्याण समितीपुढे यावं लागतं. समुपदेशन होतं, लेखी स्वाधीनपत्र होतं आणि विचार बदलला तर दोन महिन्यांची मुदत असते. हे मी आत्याला सांगितलं.

"दोन म्हैनं? सव्वा म्हैना तर बाळंतीन खाटंवरच असती," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आन् परत आनलं, तर तिला दारात उभं कोन करनार?"