पौषातला तंबू आणि पाण्यावरचं थिएटर

१९८० सालच्या जानेवारीचा पहिला आठवडा. नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला तुम्ही एसटीतून उतरता. पौषी पौर्णिमेची भगवतीमातेची यात्रा भरली आहे. शेव-रेवडीची दुकानं आणि पाळणे तुम्ही ओलांडून जाता. उसाच्या बैलगाड्या प्रवरानगरच्या कारखान्याच्या दिशेने चालल्या आहेत, आणि त्यांच्या मागे कांडं ओढायला पोरं धावताहेत. तुम्हाला मात्र तमाशाचा तंबू उभा राहताना बघायचा आहे, म्हणून उजेड असतानाच पोचलेलं बरं.

मोकळ्या रानात फडाचे ट्रक रिकामे होताहेत. गुंडाळलेली कनात, बांबू, लाकडी फळ्या, पेट्या, रंगवलेले पडदे असं एकेक खाली उतरतं. मुकादमाच्या हातात नकाशा नाही. तो पावलं टाकत जातो, टाचेने मातीत खूण करतो आणि खुणेवर मेख ठोकली जाते. घणाच्या पहिल्या घावाला मेख हलते, तिसऱ्याला काळी माती तिला धरते. "ओ पाव्हणं, नुसतं बघत काय राह्यलाय, दोर धरा की!" तुम्ही दोर धरता. मधला खांब वर चढतो, कापडात वारा भरतो आणि दोर तळहात सोलत पुढे सरकतो. चारी बाजूंनी माणसं मागे रेलतात. कुणीही एकट्याने ताण सोडून चालत नाही. सगळं छप्पर या ओढाताणीवर उभं आहे, आणि त्याला पाया म्हणून फक्त त्या मेखा आहेत.

अंधार पडायच्या आत कमान लागते. बांबूच्या सांगाड्यावर रंगवलेलं कापड, त्यावर खांब, वेलबुट्टी, फडाच्या मालकिणीचं मोठ्या अक्षरांतलं नाव. मागे काहीच नाही, पण त्या कमानीखालून तिकीट घेऊन आत जाताना तुम्ही वाड्यात शिरल्यासारखे ताठ होता. आत जमिनीवर बैठक मारायची. रंगमंचामागे कनातीपलीकडे राहुट्या आहेत. तिथे बायका चाळ बांधताहेत आणि त्यांची लेकरं पेट्यांच्या आडोशाला झोपली आहेत. एका कापडाच्या अलीकडे थिएटर आणि पलीकडे घर, अशी ही इमारत आहे.

रात्री उशिरा ढोलकीवर थाप पडते. हलगी तिला उत्तर देते आणि दोघींची चढाओढ सुरू होते. कापडाच्या भिंती आवाज परत फेकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक बोल सुटासुटा कानावर येतो. सिमेंटच्या सभागृहात हे सुख मिळत नाही. गण होतो, गौळणीत मावशी आडवी येते, बतावणीत सोंगाड्या गावच्या पुढाऱ्याला चिमटे काढतो आणि वग पहाटेकडे सरकतो. याच प्रवरेच्या वरच्या अंगाला संगमनेर, कांताबाई सातारकरांच्या फडाचं गाव. दसऱ्यानंतर असे फड बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत जत्रांमागे फिरतात. उजाडता उजाडता दोर सुटतील. दुपारी इथे मेखांची भोकं तेवढी दिसतील.

आता असंच एक न रुतलेलं थिएटर बघायला त्याच हिवाळ्यातल्या व्हेनिसला चला. मोठ्या कालव्याच्या तोंडाशी, जुन्या जकात कचेरीच्या टोकाला, पाण्यावर एक मनोरा तरंगतो आहे. आल्डो रोस्सी या मिलानच्या वास्तुकाराचं हे 'तेआत्रो देल मोंदो', म्हणजे जगाचं थिएटर. १९७९ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलामहोत्सवासाठी ते फुसिनाच्या गोदीत बांधलं आणि ओढत इथे आणलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा एका तराफ्यावर जोडला आहे आणि त्यावर लाकडी फळ्या ठोकल्या आहेत. उंची सुमारे २५ मीटर. वर अष्टकोनी टोपी, तिच्यावर गोळा आणि पताका. तुम्ही आत शिरता. मध्ये रंगमंच, दोन बाजूंना प्रेक्षक, वर सज्जे. खिडकीबाहेर बोट जाते. पायाखालची जमीन किंचित झुकते, आणि दोर तळहातातून सरकल्याची आठवण होते. फेब्रुवारीत कार्निव्हल भरेल तेव्हा इथेही गर्दी जत्रेचीच असेल.

रोस्सीने हे हवेतून आणलं नाही. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या उत्सवांत अशी तरंगती थिएटरं असत. जवळच्या चर्चचा घुमट, जकात कचेरीवरचा सोनेरी गोळा यांच्या ओळखीच्या आकारांशी त्याचा मनोरा बोलतो. आधुनिक वास्तुकलेने कमानी, शिखरं, नक्षी सगळं फाजील ठरवून घराबाहेर काढलं होतं. उत्तर-आधुनिकांनी ते मानाने परत बोलावलं. १९८० च्या उन्हाळ्यात त्याच शहरात वास्तुकार पाओलो पोर्तोगेसी यांनी जुन्या दोरखान्यात एक अख्खी गल्ली उभी केली. वीस वास्तुकारांचे वीस दर्शनी भाग, आणि ते बांधले रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओतल्या सिनेमाच्या कारागिरांनी. पुढून खांब-कमानी, मागे आधाराचा सांगाडा. जगभरच्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत ही गल्ली छापली गेली. तिच्यातून चालताना मला वाटतं तुम्हाला कोल्हारची कमान दिसेल. मला तर दिसतेच, आणि तिला कुठल्याही पुस्तकात जागा मिळाली नाही याचं वाईट वाटतं.

त्याच ऑगस्टमध्ये रोस्सीचं थिएटर समुद्रावर निघतं. पुढे ओढणारी बोट, मागे मनोरा, असा तो एड्रियाटिकवरून दुब्रोवनिकला पोचतो. एक संपूर्ण इमारत दुसऱ्या गावच्या पाहुणचाराला आली आहे आणि तटावरून लोक बघताहेत. फडाचे ट्रक गावच्या वेशीत शिरतात तेव्हा पोरं असंच बघतात. १९८१ मध्ये ते तरंगतं थिएटर सुटं केलं गेलं. पण रोस्सीची चित्रं, आराखडे, फोटो जपले गेले. १९९० मध्ये रोस्सीला वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा या थिएटरचं नाव त्याच्या नावाबरोबर घेतलं जात होतं. मोजून नऊ-दहा मीटर रुंदीच्या, दोन वर्षंही न टिकलेल्या इमारतीला एवढा मान मिळाला, आणि तो योग्यच आहे.

मग तमाशाच्या तंबूलाही तो मिळाला पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे. लावणीवर पुस्तकं आहेत, कलावतींच्या मुलाखती आहेत, शासनाचे पुरस्कार आहेत. पण खांबांतलं अंतर किती ठेवतात, वारा कुठून येतो ते पाहून तोंड कसं ठरवतात, राहुट्यांकडे बाहेरच्या माणसाची नजर जाऊ नये म्हणून कनात कशी वळवतात, हे ज्ञान मुकादमाच्या पावलांत आहे. तो थकला की तेही जाईल.

म्हणून आता परत या, आजच्या पौषात. खांद्याला झोळी, झोळीत टेप, वही, पेन्सिल. बरोबर वास्तुशास्त्राचे दोन-चार विद्यार्थी असतील तर उत्तम. फडाच्या मालकांना आधी भेटा, परवानगी घ्या, राहुट्यांच्या बाजूला त्या घरच्या बाईला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. मुकादम पावलं टाकायला लागला की त्याच्या मागोमाग टेप धरा. एक पाऊल किती इंच, ते पहिल्यांदा लिहा. त्याने "दोर धरा" म्हटलं की वही खिशात घाला आणि धरा. खांब उभा राहिल्यावर त्याची उंची घ्यायला वेळ मिळतो.