सभेला अध्यक्ष पुरतो का?

सभेला खंबीर अध्यक्ष असला की भागतं, सुलभक, म्हणजे सगळ्यांना बोलतं करणारा माणूस, वगैरे प्रशिक्षणवाल्यांचं खूळ आहे, हे मत गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेपासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पूर्वपक्ष थोडक्यात असा: विषयपत्रिका ठरलेली असावी, विषय सोडून बोलणाऱ्याला वेळीच थांबवावं, शेवटी हात वर करून मोजदाद व्हावी. बोलायची मुभा सगळ्यांनाच असते; गप्प बसणारा आपल्या मर्जीने गप्प बसतो. बेशिस्त सभेत काहीही ठरत नाही, हे मला मान्य आहे. मर्जीचं ते शेवटचं वाक्य मात्र मान्य नाही, आणि बाकीचा युक्तिवाद त्याच वाक्याच्या आधाराने उभा आहे.

मराठवाड्यातल्या एका गावात मी पाहिलेली महिला सभा सांगते. नवं नळकोंडाळं मारुतीच्या पारापाशी बसवायचं, असं पुरुषांचं आधीच ठरलं होतं. सरपंचांनी ‘कुणाला काही म्हणायचंय का?’ असं तीनदा विचारलं. तीस-पस्तीस बायका बसल्या होत्या, एकीनेही तोंड उघडलं नाही. मग बचत गटाच्या सहयोगिनीने रांगोळी मागवली. देवळाच्या फरशीवर विहीर, पार, आळ्या काढल्या आणि प्रत्येकीच्या हातात मूठभर चिंचोके दिले. सकाळी पाण्याला कुठून जाता, दिवेलागणीला कुठून, तिथे चिंचोका ठेवा, एवढंच सांगितलं. सकाळचे चिंचोके सरळ रस्त्यावर पडले. संध्याकाळचे सगळे मागच्या आळीला वळले. डोईवर पदर घेतलेली एक सून शेवटचा चिंचोका ठेवून हळूच म्हणाली, ‘पारावर माणसं बसलेली असतात.’ दुसरी म्हणाली, ‘सासरे बसलेले असतात.’ मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

सरपंच भले गृहस्थ होते, त्यांनी कुणाला दडपलं नव्हतं. पण ज्याने जागा सुचवली तोच ‘हरकत आहे का?’ असं विचारतो, तेव्हा सुनेला त्या प्रश्नात उत्तरही ऐकू येतं. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. सर्वांना खुली असलेली एकच बैठक पुरत नाही, हे त्या तरतुदीने मान्य केलेलं आहे.

आणि संकोच हे एकच कारण नाही. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निवडणुकीच्या उमेदवारांची माहिती गटातल्या माणसांना वाटून दिली होती: काही सगळ्यांना सारखी, काही एकेकालाच. सगळी जोडली तर सर्वांत योग्य उमेदवार कळला असता. पण गट सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच घोळत राहिले आणि बहुतेकांनी चुकीचा उमेदवार निवडला. तिथे ना पार होता, ना सासरे. एकट्यालाच ठाऊक असलेलं आपोआप वर येत नाही, ते कुणीतरी विचारून काढावं लागतं. मत मोजण्याची घाई असलेल्या अध्यक्षाकडून ते काम होत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वाद करण्यापूर्वी परिषद, म्हणजे समोरची सभा, ओळखायला सांगितलं आहे: ती सुहृद आहे, उदासीन आहे की प्रतिनिविष्ट, म्हणजे आधीच एका बाजूला झुकलेली. देवळाच्या त्या फरशीवर जमलेली बायकांची सभा उदासीन दिसत होती, आणि तशी ती मुळीच नव्हती.

मनातलं आपोआप वर येत नाही, हे ओळखून गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाने दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात विषय उलगडायचा, तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. मोहन हिराबाई हिरालाल हे गावाबाहेरचे कार्यकर्ते, त्यांचं काम अभ्यासाला साथ देण्याचं होतं. ठरवणार गावातले देवाजी तोफा आणि त्यांचं गाव. याला वेळ फार लागतो, अशी तक्रार होते. लागतोच. पण याच गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि इतकं जंगल सांभाळायचं तर नुसतं बहुमत पुरलं नसतं.

माझ्या मताविरुद्धचा खरा जड आक्षेप वेगळाच आहे. सुलभक गोड बोलून आधी ठरलेलंच लोकांच्या तोंडून वदवून घेतो, असं बिल कुक आणि उमा कोठारी यांनी संपादित केलेल्या २००१ च्या ग्रंथात मांडलं गेलं. असं होतं, मी पाहिलं आहे. लोकसहभागाच्या नावाखाली कोऱ्या कागदावर अंगठे घेतलेलेही पाहिले आहेत. पण म्हणून सुलभकच नको, हा निष्कर्ष निघत नाही. त्याच्या हातात काय द्यायचं आणि काय नाही, एवढं ठरवावं लागतं. ठराव त्याने लिहू नये, आणि लिहिलेला ठराव सगळ्यांसमोर वाचून दाखवल्याशिवाय सही होऊ नये.

त्या दिवशी सहयोगिनीने वही दहावी झालेल्या एका मुलीकडे दिली. नळकोंडाळं मागच्या आळीत बसवावं, असा ठराव मुलीने लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात ‘महिलांच्या सोयीसाठी’ असं आलं होतं. पदरवाल्या सुनेने तिला थांबवलं. ‘सोयीसाठी नको,’ ती म्हणाली, ‘पारावर पुरुष बसतात म्हणून, असं लिही.’ मुलीने सहयोगिनीकडे पाहिलं. सहयोगिनी फरशीवरचे चिंचोके गोळा करत होती, तिने मान वर केली नाही. मुलीने ओळ खोडली आणि नवी लिहिली.